वर्तुळाबाहेरचं काम

स्त्रियांच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या निवासी शिबिरात स्वयंसेविका म्हणून नाव देणाऱ्या बहुतेकजणी आधी कधीतरी शिबिरार्थी म्हणून तिथे बसून गेलेल्या असतात. आत दाबून ठेवलेलं काहीतरी तिथे मोकळं झालेलं असतं आणि त्या ऋणापोटी त्या परत येतात. मला मिळालं ते दुसरीलाही मिळावं, ही इच्छा खरी असते, कामाला बळ देणारी असते. अडचणही तिथूनच सुरू होते. समोरची बाई तेच घ्यायला आलेली असेल असं नाही. तिला कदाचित रडायचं नसेल. कदाचित तीन दिवस गप्प बसून साठलेली झोप भरून काढायची असेल, आणि तेवढ्यावर तिचं शिबिर पुरं होत असेल. स्वयंसेविका तिच्यात स्वतःचा अनुभव शोधायला लागली की न बोलताच एक दडपण येतं: ‘अजून तुमचं काहीच कसं झालं नाही?’

विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिरांत आधी एक पूर्ण शिबिर केलेल्यांनाच सेवा देता येते. नियम शहाणपणाचा आहे. आत बसणाऱ्याला काय काय वाटून जातं ते ठाऊक असल्याशिवाय बाहेरचं काम नीट होत नाही. माझ्या मते त्याला एक जोड हवी. स्वतःचं शिबिर आणि पहिली सेवा यांच्यात काही महिने जाऊ द्यावेत. ताज्या ओल्या मनाने आलेली स्वयंसेविका दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच शिबिरार्थींच्या वर्तुळात जाऊन बसलेली असते, मनाने तरी.

शिबिर घेणारी फॅसिलिटेटर विषय आणि प्रक्रिया सांभाळते. बाकीचं सगळं स्वयंसेविकांकडे: वेळ, दार, पाणी, औषधं, खुर्च्या, शांतता, आणि एकमेकींची झोपही. हे चोख असलं की आत बसलेल्या बाईला तेवढे दिवस कुणाचंच बघावं लागत नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं बघत आलेल्या बाईला हे एकदम पेलवत नाही. पहिल्या जेवणानंतर इतरांची ताटं उचलायला उठणाऱ्या चौघी-पाचजणी असतातच. त्यांना ‘बसा हो, तुम्ही शिबिराला आलात ना’ म्हणून दटावू नये. ‘आज हे आमच्याकडे आहे’ एवढं म्हणून ताट हातात घ्यावं. तरीही तिला करायचंच असेल तर करू द्यावं. कामात हात असला की काहीजणींना श्वास येतो.

आता खुर्च्या. वर्तुळ म्हटलं की ते गोल मांडलं की झालं असं वाटतं, पण आधी हिशेब करावा लागतो. साधी खुर्ची अर्धा मीटर रुंद, शेजारणीचा कोपर लागू नये म्हणून मध्ये पाव मीटर, म्हणजे माणशी पाऊण मीटर. ३० जणींचा परीघ साडेबावीस मीटर होतो आणि समोरासमोरचं अंतर सात मीटरच्या वर जातं. मागे ये-जा करायला एकेक मीटर धरला तर नऊ मीटरहून थोडी जास्त रुंद खोली लागते. ती नसली की वर्तुळाचा अंडाकार होतो, आणि अंडाकाराच्या दोन टोकांना बसलेल्या बायका दिवसभर कमी बोलतात, कारण त्यांना सगळ्या दिसतच नाहीत. खोली मोठी असली तरी प्रश्न उरतोच. सात मीटरवरून कुजबुज ऐकू येत नाही, आणि मनातलं खरं बोलताना आवाज खाली जातो. माइक फिरवला की बोलणारी सावध होते, भाषणाच्या सुरात शिरते. म्हणून मोठं वर्तुळ सुरुवातीला आणि शेवटी ठेवावं. खरं बोलणं आठ-आठजणींच्या गटात व्हावं. आठ खुर्च्यांच्या वर्तुळाचा व्यास दोन मीटरलाही थोडा कमी भरतो. तिथे हळू बोललेलंही पोचतं.

दाराकडे जायची वाट कुणाच्याही पायांवरून जाता कामा नये. निसटता येईल याची खात्री असलेली बाई जास्त वेळ बसून राहते. आणि कुणी मध्येच उठून बाहेर गेली तर तिची खुर्ची हलवायची नाही. शेजारणी सहज सरकून ती जागा भरून टाकतात, मग ती परत येते आणि दारात उभी राहून पाहते तर तिला जागाच नसते. शिबिर सोडून जायचं तिने ठरवलं असेल तर खुर्ची पुढच्या सुट्टीत काढावी, आणि सत्र सुरू होताना फॅसिलिटेटरने एका वाक्यात ते सांगावं. न सांगता रिकामी ठेवलेली खुर्ची पुढचा अर्धा दिवस सगळ्यांचं लक्ष खाते.

वेळेचं गणित तर बहुतेक ठिकाणी पहिल्याच सत्रात कोलमडतं. ३० जणींनी तीन-तीन मिनिटं बोलायचं म्हटलं की वेळापत्रकात दीड तास लिहिला जातो. पण एक थांबून दुसरी सुरू होईपर्यंत अर्धं मिनिट जातंच. ती झाली आणखी १५ मिनिटं. म्हणजे पावणेदोन तास, तेही प्रत्येकीने वेळ पाळला तर. पाळला जात नाही, आणि तो कापला जातो शेवटच्या पाच-सहाजणींचा. त्या नेमक्या अशा असतात, ज्या मुद्दाम शेवटी बसलेल्या असतात, धीर गोळा करत. वेळ राखणाऱ्या स्वयंसेविकेने बोलणारीच्या नजरेच्या टप्प्यात बसावं आणि अर्धं मिनिट उरलं की हातातलं रंगीत कार्ड छातीशी धरावं. घंटा नको, घंटेने बोलणारी दचकते आणि पुढचीही. फेरी प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने सुरू करावी.

सुट्टीचा हिशेब याहून साधा आणि याहून जास्त विसरला जाणारा. ३० बायका, तीन स्वच्छतागृहं, प्रत्येकी अडीच मिनिटं धरली तर शेवटची बाई २५व्या मिनिटाला मोकळी होते. वेळापत्रकात सुट्टी असते १५ मिनिटांची. परिणाम असा की दहाएकजणी उशिरा आत येतात, फॅसिलिटेटर ‘वेळ पाळा’ म्हणते, आणि ज्यांचा काही दोष नाही त्या ओशाळतात. एकतर सुट्टी अर्ध्या तासाची ठेवा, नाहीतर गटांच्या सुट्ट्या १० मिनिटांच्या फरकाने सोडा. प्रत्येक सुट्टीनंतर एका स्वयंसेविकेने आत डोकावून यावं: सॅनिटरी पॅड दिसतील असे ठेवलेले आहेत का, झाकणाची कचरापेटी भरली का, कडी नीट लागते का, कपडे अडकवायला खुंटी आहे का. पॅड मागावं लागलं की काहीजणी मागत नाहीत आणि पुढचं सत्र आखडून बसतात. बाळाला पाजणारी कुणी असेल तर दूध काढायला आतून कडी लागणारी खोली आणि ते ठेवायला थंड जागा आधीच ठरलेली हवी.

नोंदणीच्या टेबलावर बसणारी स्वयंसेविका अनुभवी असावी. हे काम नवख्या मुलीला देण्याची रीत आहे, ती मला पटत नाही. शिबिरातलं सगळ्यात नाजूक बोलणं कित्येकदा इथेच होतं. चालू औषधं, अ‍ॅलर्जी, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण, आधीचा मानसिक आजार, हे सगळं अर्जात असतं; पण टेबलावर मागे रांग उभी असताना ते मोठ्याने विचारायचं नसतं. अर्ज बाजूला बसून वाचावा आणि एकच प्रश्न हळू विचारावा: ‘या दिवसांत आम्हाला तुमच्याबद्दल माहीत असावं असं काही आहे का?’ औषधांबद्दल मात्र ठाम राहावं. शिबिराच्या वातावरणात ‘आता मला गोळ्यांची गरज नाही’ असं वाटायला लागतं. मनाच्या आजारावरची गोळी असो वा इन्शुलिन, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक डोसही चुकता कामा नये. बायपोलर आजार, म्हणजे मन अतिउत्साह आणि नैराश्य या दोन टोकांत झोके घेणारा आजार, असलेल्या व्यक्तीला नुसत्या सलग जागरणानेही उन्मादाचा झटका येऊ शकतो. म्हणून रात्री उशिरापर्यंत लांबणारी सत्रं हा उत्साहाचा नव्हे, तब्येतीचा प्रश्न आहे.

तातडीचा संपर्क म्हणून नवऱ्याचा किंवा वडिलांचा नंबर सवयीने लिहिला जातो. त्या रकान्याखाली आणखी दोन ओळी हव्यात: कुणाला फोन करू नये, आणि फोनवर काय सांगितलेलं चालेल. घरी मार असलेली बाई ‘कामाच्या प्रशिक्षणाला जाते’ म्हणून आलेली असू शकते. तिच्या घरी शिबिराच्या नावाने गेलेला एक फोन तिला महागात पडतो. फोटोंचंही तसंच. वर्तुळाचा पाठमोरा फोटोसुद्धा जागेच्या नावासकट कुणी टाकला तर लपून राहणाऱ्या बाईचा ठावठिकाणा उघडा पडतो. फोटो नाहीत, हा नियम स्वयंसेविकांनी आधी स्वतः पाळावा. मोबाइल काढून घेण्याबद्दल माझं मत असं, की विनंती करावी, सक्ती करू नये. आजारी आईला किंवा लहान मुलाला मागे ठेवून आलेल्या बाईचा फोन काढून घेतला तर ती शरीराने आत आणि मनाने घरी असते. त्यापेक्षा शिबिराचा एक नंबर सगळ्यांच्या घरी द्यावा, आणि तो फोन दिवसरात्र एका ठरलेल्या स्वयंसेविकेच्या हातात असावा. फोन येईल आणि आला की कुणीतरी मला सांगेल, हा विश्वास बसला की मोबाइल आपोआप बॅगेत जातात.

आता रडण्याबद्दल, आणि त्यातल्या टिश्यूबद्दल. हुंदका फुटला की शेजारणीचा हात आपसूक डब्याकडे जातो. टिश्यू पुढे होतो. रडणारी बाई ‘सॉरी’ म्हणते, डोळे टिपते, नाक पुसते, आणि अर्धवट राहिलेलं वाक्य तिथेच सोडून देते. देणारीच्या मनात माया असते, पण घेणारीला ऐकू येतं ते ‘पुरे आता’. म्हणून डबे आधीच ठेवायचे, दर तीन खुर्च्यांमध्ये एक, जमिनीवर, बसल्या जागेवरून हात पोचेल असे. नव्या डब्याची कागदी पट्टी सत्राआधी फाडून पहिला टिश्यू अर्धा वर ओढून ठेवायचा, म्हणजे ऐन वेळी फरफर आवाज होत नाही. मग तिला हवा तेव्हा ती स्वतः घेते. तिच्या हाताला वाट मोकळी ठेवणं एवढंच आपलं काम.

स्पर्शाचंही तेच. पाठीवरून हात फिरवणं, मिठीत घेणं हे आपल्याला सहज येतं, आणि पुष्कळजणींना ते हवंही असतं. पण ज्या बाईच्या अंगावर तिच्या मनाविरुद्ध हात पडलेला आहे, तिला रडताना मागून आलेला हात हा आधार वाटेल याची खात्री नाही. समोर यावं, तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसावं, आणि विचारावं: ‘हात धरू का?’ उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’ समजावं. पहिल्या सत्रातच हे सगळ्यांना सांगून ठेवलं की शेजारणीही विचारून हात पुढे करतात.

एखादीला सत्रात भीतीचा झटका येतो. छाती धडधडते, श्वास भरभर होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. त्या मुंग्यांनी ती आणखी घाबरते, म्हणून कारण सांगितलेलं बरं: भरभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या येतात, श्वास सावकाश झाला की जातात. बाहेर नेताना दोघींनी जावं. एक तिच्यासोबत राहते, दुसरी निरोप, पाणी, औषध बघते. ‘शांत व्हा’ म्हणून काही होत नाही. ‘दीर्घ श्वास घ्या’ हेही चुकीचं, कारण ती आधीच जास्त हवा घेते आहे. आपण स्वतः तिच्यासमोर चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर सोडावा, मिनिटाला सहाच्या आसपास, आणि तिला बरोबर करायला सांगावं. पाय जमिनीला टेकवून तळव्यांनी जमीन दाबायला सांगावी, खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावावी. कागदी पिशवी तोंडाला लावायचा जुना उपाय आता सुचवला जात नाही. झटका साधारण १० मिनिटांत शिगेला पोचून उतरू लागतो.

पण प्रत्येक धडधड मनाचीच नसते. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखणं हे बायकांमध्येही नेहमीचं लक्षण आहे. त्याच्या जोडीला, किंवा कधी त्याच्याशिवायही, दम लागणं, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, विलक्षण थकवा अशी लक्षणं त्यांच्यात जास्त दिसतात. शिबिरात या सगळ्याला ‘भावना बाहेर पडताहेत’ असं म्हणून घालवलं जाण्याचा धोका फार मोठा आहे. आधी असा झटका कधी आलेला नसेल, घाम फुटला असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरत असेल, शुद्ध हरपत असेल, तर थांबू नये. रुग्णवाहिका बोलवायचा निर्णय घेण्याचा अधिकार प्रत्येक स्वयंसेविकेला हवा, फॅसिलिटेटरची परवानगी न घेता. जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि रात्री गेटची किल्ली कुणाकडे असते, हे आदल्या दिवशी प्रत्येकीला तोंडपाठ हवं.

याच्या उलट दिसणारी बाई नजरेतून सुटते. ती रडत नाही, थरथरत नाही. एकटक कुठेतरी बघत राहते, विचारलं तर उशिरा आणि तुटक बोलते. गोंधळ करत नाही म्हणून ती ‘शांत’ समजली जाते. अशा वेळी डोळे मिटून करायचं ध्यान तिला आणखी लांब नेतं. नावाने हाक मारावी, डोळे उघडे ठेवायला सांगावं, आज कोणता वार, आपण कुठे आहोत हे बोलतं करावं, थंड पाण्याचा ग्लास हातात द्यावा.

इथे एक जुना अभ्यास आठवावासा वाटतो. अशा अनुभवप्रधान गटांची अमेरिकेत लाट होती, तेव्हा लिबरमन, यालोम आणि माइल्स यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांवर केलेलं संशोधन १९७३ साली ग्रंथरूपाने आलं. २०६ जणांपैकी १६ जणांना, म्हणजे जवळजवळ आठ टक्क्यांना, गटामुळे टिकून राहणारी मानसिक इजा झाली होती. त्यात जास्त धोका दिसला तो आक्रमक, भारून टाकणाऱ्या, लोकांच्या आतलं ओढून बाहेर काढणाऱ्या नेत्यांच्या गटांत. इजा कुणाला झाली आहे हे ओळखायला मात्र नेते कमी पडले. गटातल्या इतर सदस्यांना ते जास्त बरोबर सांगता आलं. स्वयंसेविकेसाठी यात सगळं आलं. फॅसिलिटेटर समोर बोलणारीकडे बघत असते. जेवताना कोण एकटी बसली, कुणी दोन वेळा ताट तसंच ठेवलं, रात्री कॉरिडॉरमध्ये कोण फेऱ्या मारत होती, कुणाच्या खोलीतली दुसरी ‘ती झोपतच नाही’ म्हणाली, हे दिसतं ते आपल्याला. हे पाहिलेलं फॅसिलिटेटरपर्यंत पोचवण्याला मी चहाडी म्हणणार नाही, ती या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

अर्थात कसं पोचवायचं, तेही शिकावं लागतं. १९४६च्या उन्हाळ्यात कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटन इथे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनच्या नेतृत्वाखाली एक कार्यशाळा भरली होती. दिवसभराच्या निरीक्षणांवर संध्याकाळी फक्त स्टाफ चर्चा करायचा. काही सहभागींनी त्या बैठकीत बसायची परवानगी मागितली, लेविनने दिली, आणि आपल्याबद्दल काय बोललं जातं ते ऐकून ते आपलंही म्हणणं मांडू लागले. गटाला आपल्या वागण्याचं प्रतिबिंब दाखवण्याची पद्धत तिथून रुजली. पुढच्याच वर्षी मेन राज्यातल्या बेथेलमध्ये त्यावर उभी राहिलेली, गटातल्या वागण्याचं प्रशिक्षण देणारी ‘प्रयोगशाळा’ सुरू झाली. आपल्या रात्रीच्या बैठकीत कुणी शिबिरार्थी बसत नाही. तरी ती बसली आहे असं समजून बोलावं. ‘ती फार ड्रामा करते’ हे तिच्यासमोर म्हणता येणार नाही, म्हणून बैठकीतही म्हणू नये. ‘दुपारी दोन वेळा बाहेर गेली, परत येताना हात कापत होते’ असं म्हणता येतं, आणि उपयोग त्याचाच असतो.

मग येतात ती गुपितं. रात्री १० नंतर, पाण्याची बाटली भरायला आल्यासारखं करून, एखादी म्हणते, ‘तुम्हाला एक सांगू? कुणाला सांगू नका.’ इथे मोह होतो तो लगेच वचन देण्याचा. देऊ नये. ‘ऐकते मी. पण तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला एकटीने ते ठेवता येणार नाही, आणि तसं काही करण्याआधी तुम्हाला सांगेन,’ एवढं आधी सांगितलं की पुढचं बोलणं दोघींनाही पेलतं. मरणाचे विचार येतात का, हा प्रश्न सरळ विचारावा. विचारल्याने ते डोक्यात येतात ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, आणि फॅसिलिटेटरला त्याच रात्री उठवायचं. लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं तर तिथला कायदा काय सांगतो, हे शिबिराआधीच टीमला माहीत हवं. मानसिक प्रथमोपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेतली तीन क्रियापदं इथे पुरतात: पाहा, ऐका, जोडा. तिसरं अनेकदा राहून जातं. ऐकून आपल्याला भरून येतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. समुपदेशक, डॉक्टर, वकील, आसरा देणाऱ्या संस्था यांची तपासून घेतलेली यादी खिशात नसेल तर जोडणार कशाशी? घटना पुन्हा पुन्हा, तपशिलात सांगायला लावणं हे तर मुळीच करू नये.

सल्ला द्यायचा नाही, हे सगळ्या स्वयंसेविकांना पाठ असतं. तरी तो वेगळ्या वेशात बाहेर पडतो. ‘माझंही अगदी असंच झालं होतं’ हे त्याचं सर्वांत गोड रूप. त्या क्षणी बोलणं तिच्यावरून आपल्यावर येतं, आणि ती सवयीने आपली समजूत घालू लागते. पुन्हा दुसऱ्याचं बघायचं काम तिच्याच गळ्यात. त्यापेक्षा ‘मग?’ हा एवढासा शब्द पुष्कळ करतो.

स्वयंसेविकेच्या स्वतःच्या मनाचं काय? ऐकलेलं तिच्याही आत हलतं, तिची जुनी जखम वर येते. त्यासाठी जागा हवी, पण ती शिबिरार्थींच्या नजरेआड. सकाळी २० मिनिटं आणि रात्री ४० मिनिटं टीमने एकत्र बसावं. रात्रीचा पहिला अर्धा भाग शिबिरार्थींबद्दल, दुसरा स्वतःबद्दल. या दुसऱ्या भागाला कात्री लागते ती थकव्यामुळे, आणि मग दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात चमच्यांवरून भांडण होतं. रात्रपाळी वाटून घ्यावी. जागलेल्या बाईला सकाळचं पहिलं सत्र मोकळं द्यावं. कुणाचा आवाज चढला, कुणी सारखी वर्तुळात डोकावू लागली, कुणाला एकाच शिबिरार्थीची फार ओढ वाटू लागली, तर तिला काही तास हिशेबाच्या किंवा सामानाच्या कामाला लावावं. ही शिक्षा नाही, हे सुरुवातीलाच सगळ्यांनी ठरवून ठेवावं.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. स्वतःच्या भावना आवरून दुसऱ्याचं मन सावरण्याच्या कामाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्डने १९८३ साली ‘भावनिक श्रम’ असं नाव दिलं; तो शब्द तिने मूळ पगारी नोकरीतल्या कामासाठी वापरला होता. शिबिरात तेच काम बिनपगारी होतं, आणि करणाऱ्या पुन्हा बायकाच. मनापासून केलेली सेवा सुंदर असते. पण भरपूर शुल्क घेऊन चालणारं शिबिर स्वयंसेविकांकडून १६ तास काम करून घेत असेल, राहण्या-जेवण्याचे पैसेही त्यांच्याकडून घेत असेल, आणि नाही म्हणणारीला ‘तुझं अजून आत अडलंय’ असं सांगत असेल, तर तिथून उठून यावं. बायकांना मोकळं करायला निघालेल्या जागेने बायकांनाच राबवून घेऊ नये. तसंच, शेवटच्या दिवशी पुढच्या महागड्या टप्प्याचे अर्ज स्वयंसेविकांच्या हाती वाटायला दिले तर ते वाटू नयेत. तीन दिवस रडून-हसून उघडी झालेली बाई त्या घटकेला कशालाही हो म्हणते. अर्ज दोन आठवड्यांनी पाठवता येतात.

शेवटच्या दिवसाची घाई धोक्याची असते. झोप अपुरी, मन तरंगतं, आणि लगेच दूरचा प्रवास. समारोप आणि निघण्याची वेळ यांत किमान दोन तास असावेत, खाणं-पाणी व्हावं, स्वतः गाडी चालवणारीला डुलकी काढायला खोली उघडी ठेवावी. निघताना दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. एक, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मन एकदम खाली जाऊ शकतं. शिबिर फुकट गेलं असा त्याचा अर्थ नाही. दोन, नोकरी सोडणं, नातं तोडणं असे मोठे निर्णय निदान दोन आठवडे थांबवावेत. जिच्या जिवाला घरी धोका आहे तिला हा दुसरा सल्ला लागू नाही. तिची पुढची सोय ती निघण्यापूर्वीच बघायची असते.

त्यानंतरचे फोन हा सेवेचाच भाग. परवानगी दिलेल्यांनाच, तिने सांगितलेल्या वेळी, एकदा चौथ्या दिवशी आणि एकदा दोन आठवड्यांनी. फोन त्याच स्वयंसेविकेने करावा जिने गट सांभाळला होता, आणि १० मिनिटांत आटपावा. झोप कशी आहे, गोळ्या चालू आहेत ना, बोलायला जवळ कुणी आहे का. पलीकडून दुसऱ्याच कुणाचा आवाज आला तर शिबिराचं नाव काढायचं नाही, नोंदणीच्या वेळी तिने जे सांगायला सांगितलं होतं तेवढंच सांगायचं. दुसरा फोन झाला की तिचा नंबर आपल्या मोबाइलमधून काढून टाकायचा आणि वैद्यकीय माहितीचे कागद, ठरलेल्या मुदतीत, दोघींनी मिळून फाडायचे.